उरवडे हेगपासून किती लांब?

मी हिंजवडीत नोकरी करतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. आयटी पार्कात रोज येणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, कारण त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यात भजी खायला जायचं धरण.

आमच्यासारख्या कंपन्यांमध्ये दरवर्षी निर्यात नियंत्रणाचं एक ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं असतं. स्लाइड पुढे ढकलायच्या, शेवटी काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. मजकूर मात्र गंभीर असतो. भारत सरकारची 'स्कोमेट' नावाची एक यादी आहे. विशेष रसायनं, जीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान, असा तिचा पसारा. या यादीतली वस्तू देशाबाहेर पाठवायची तर आधी परवाना लागतो. तिच्या आठव्या विभागात काही प्रकारचं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरही येतं. वस्तू म्हणजे खोकंच असायला हवं असंही नाही. ईमेलला जोडलेली फाइल हीसुद्धा निर्यातच. आणि या सगळ्याच्या पाठीशी २००५ चा एक कायदा उभा आहे: महासंहारक शस्त्रं आणि ती वाहून नेणारी साधनं यांच्याशी संबंधित बेकायदा कृतींना मनाई करणारा.

थोडक्यात, मुळशी तालुक्यातल्या एखाद्या लॅपटॉपवरून कोणत्या प्रकारचा कोड बाहेर जातो, यावर दिल्लीचं लक्ष आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लक्ष असायलाच हवं. माझा प्रश्न याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे.

७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळच्या उरवडे गावात एसव्हीएस अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्यात आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं तिथं तयार होत. १७ कामगार गेले. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या, पॅकिंगचं काम करणाऱ्या. आत अडकलेल्यांपर्यंत पोचण्यासाठी जेसीबीनं भिंती फोडाव्या लागल्या. मृतदेह ओळखता येईनात, म्हणून डीएनए चाचणी करावी लागली. केंद्रानं दोन लाख आणि राज्यानं पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली, चौकशी समिती नेमली, अटक झाली. त्यानंतर तालुका पुन्हा आपल्या कामाला लागला.

हिंजवडीहून घोटावडे फाट्यामार्गे उरवड्याला दुचाकीवर तासाभराच्या आत पोचता येतं. या तासाभराच्या रस्त्याच्या एका टोकाला सरकार सॉफ्टवेअरच्या ओळी तपासतं, आणि दुसऱ्या टोकाला शेडमध्ये कोणत्या पोत्यात काय आहे हे जळून गेल्यावर कळतं. महासंहारक शस्त्रांपासून संरक्षण करणाऱ्या सरकारी कार्यक्रमांचा विस्तार करावा का, यावर जगभर चर्चा चालते. माझं म्हणणं आहे, जरूर करावा, पण तो आजवर ज्या दिशेनं झाला त्याच्या उलट दिशेनं. वर नव्हे, खाली. दिल्लीहून पौडला.

रेणूला हेतू नसतो

पहिला आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो. उरवड्याची आग हा औद्योगिक अपघात होता, त्याचा महासंहारक शस्त्रांशी काय संबंध? दहशतवादी हल्ला वेगळा आणि निष्काळजीपणा वेगळा.

न्यायालयात ते वेगळेच असले पाहिजेत. कुणी मुद्दाम मारलं आणि कुणाच्या हलगर्जीपणानं माणूस मेला, यांची शिक्षा एक असू शकत नाही. पण गुन्हा ठरवणं हे नंतरचं काम. आधीचं काम संरक्षणाचं, आणि तिथं हा भेद फारसा उपयोगाचा नाही. ज्या क्लोरीननं आपल्या गावचं पाणी शुद्ध होतं, त्याच क्लोरीनचा ढग २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्यानं ईप्रच्या आघाडीवर सोडला. त्यानंतर चारच दिवसांनी हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजन तिथं लढायला उतरली आणि तिलाही वायूला तोंड द्यावं लागलं. २००७ मध्ये इराकमध्ये क्लोरीनच्या टाक्या लादलेले ट्रक उडवण्यात आले. २०१८ मध्ये सीरियातल्या दूमा इथं क्लोरीनचाच वापर झाला, असा निष्कर्ष हेगच्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये काढला.

रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तीन याद्यांपैकी एकाही यादीत क्लोरीन नाही. ते जगभर इतकं वापरलं जातं की यादीत टाकणंच शक्य नव्हतं. करारानं वेगळी युक्ती केली: कोणतंही विषारी रसायन शस्त्र म्हणून वापरलं की ते रासायनिक शस्त्र. म्हणजे वस्तू तीच, ठरवायचं हेतूवरून. कायद्याच्या दृष्टीनं ही व्याख्या उत्तम आहे. पण शेजारी राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला हेतू कळत नाही.

आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा किरणोत्सर्ग झाला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं वर्षानुवर्षं न वापरलेलं उपकरण लिलावात काढलं होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं, एक जण मेला, इतर अनेकांना गंभीर इजा झाली. दोन्ही ठिकाणी दहशतवादी नव्हता. पण दहशतवाद्याला जे हवं असतं ते सगळं होतं: बेवारस पडलेलं घातक द्रव्य, नोंद नसलेली जागा आणि गाफील यंत्रणा. जी वस्तू अपघातानं हरवू शकते, ती चोरीलाही जाऊ शकते. दोन्हींचं उत्तर एकच आहे: काय आहे, किती आहे, कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी माहीत असणं.

दिव्याखालचा अंधार

या विषयात पुण्याइतकं श्रीमंत शहर देशात क्वचितच असेल. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक हल्ल्यांपासून बचावाचं शिक्षण देतात. पाषाणला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा आहे, देशातली अशी पहिली. सुतारवाडीला संरक्षण संशोधन संस्थेची स्फोटक द्रव्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. तळेगावजवळ सुदुंबरे इथं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, आणि अशा घटनांसाठीचं प्रशिक्षण या दलाला दिलं जातं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जैविक आपत्तींसाठी २००८ मध्ये आणि रासायनिक दहशतवादासाठी २००९ मध्ये जाडजूड मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. वाचून बघा, चांगली आहेत.

नकाशावर या जागा जोडल्या तर पिरंगुट-उरवड्याचा पट्टा त्यांच्या अगदी शेजारी येतो. पण हे सगळं ज्ञान दिल्लीच्या आदेशानं हलतं, आणि शेडला आग लागते तेव्हा पहिली दहा-वीस मिनिटं तिथं असतात ते शेजारच्या शेडमधले कामगार, गावातली पोरं, पोलीस पाटील आणि कुणाच्या तरी ओळखीनं बोलावलेला जेसीबीवाला. संरक्षणाची खरी पहिली फळी तीच आहे. तिला सूट नाही, मुखवटा नाही, वायू ओळखणारं यंत्र नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे आत काय जळतंय याची माहिती नाही. काही पावडरींवर थोडं पाणी पडलं की विषारी वायू सुटतो, काहींवर भरपूर पाणी ओतणं हाच उपाय असतो, काहींना पाण्याचा स्पर्शही चालत नाही. यातली कोणती आत आहे हे न कळता नळी हातात घेणाऱ्या माणसाला आपण शूर म्हणतो आणि मोकळे होतो.

भोपाळनंतर आपण काय मोजलं

कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. भोपाळनंतर आपण कायद्यांची रांगच लावली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातलेलं घातक प्रक्रियांचं प्रकरण, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. १९९६ च्या नियमांप्रमाणे केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्कालीन गट असायला हवेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं दर ४५ दिवसांनी भेटायला हवं. एवढंच नाही, नागरिकानं मागितलं तर या गटांनी रासायनिक अपघात टाळण्याबद्दलची माहितीही द्यायला हवी.

मेख आहे ती उंबरठ्याच्या आकड्यात. घातक रसायनांच्या नियमांत प्रत्येक रसायनापुढं एक मात्रा दिलेली आहे. तेवढा साठा असेल तरच कारखाना 'मोठ्या अपघाताचा धोका' असलेल्या वर्गात जातो, आणि मग बाकीची यंत्रणा हलते. क्लोरीनसाठी ही मात्रा १० टनांपासून सुरू होते. क्लोरीनचं मोठं सिलिंडर, ज्याला धंद्यात टोनर म्हणतात, साधारण ९०० किलोचं असतं. म्हणजे साधारण अकरा टोनर भरत नाहीत तोवर तुम्ही लहान. अमेरिकेत महासंहारक शस्त्रांच्या भीतीनं २००७ मध्ये जी रसायनांची यादी झाली, तिच्यात चोरीच्या दृष्टीनं क्लोरीनची मात्रा ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो होती. रसायन एकच. अपघाताची चिंता करणारा आकडा टनांत आणि हल्ल्याची चिंता करणारा किलोंत.

इथं माझा मुद्दा येतो. सुरक्षिततेची वही आणि संरक्षणाची वही आपण वेगळी ठेवली. एक कारखाना निरीक्षकाकडे, दुसरी गृहखात्याकडे. पहिल्या वहीत लहान जागा येत नाहीत, कारण त्या लहान आहेत. दुसऱ्या वहीत त्या येत नाहीत, कारण तिथं दहशतवादी नाही. मधल्या फटीत मुळशीसारखे तालुके आहेत: शहराला लागून, जमीन तुलनेनं स्वस्त, शेड भाड्यानं मिळते, आणि भाताची लावणी संपली की कामाला बायका मिळतात. २०२० मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कामगार संहितेनं तर कारखान्याच्या व्याख्येतली कामगारांची संख्या विजेवर चालणाऱ्या जागांसाठी १० वरून २० आणि विजेविना चालणाऱ्यांसाठी २० वरून ४० केली. घातक कामांसाठी अपवाद आहे, असं सांगितलं जातं. आहेच. पण अपवाद लागू व्हायला आत काय आहे ते आधी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

माझी एक मामी याच पट्ट्यातल्या एका शेडमध्ये पॅकिंगला जाते. मध्यंतरी मी तिला विचारलं.

"मामी, पुड्यांत काय असतं गं?"

"पावडर."

"कसली?"

"पांढरी. हाताला खाज सुटते. मालक म्हणतो, पाण्यात टाकायची असते."

"आग लागली तर काय करायचं, सांगितलंय का कुणी?"

"आग कशाला लागंल?" असं म्हणून ती भाकरी थापत राहिली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "उरवड्याच्या बायांना तरी कुणी सांगितलं होतं का रे?"

घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात धोक्यांची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक करणारं ४१-ब हे कलम कारखाना कायद्यात १९८७ मध्ये घातलं गेलं. ते मामीच्या शेडपर्यंत पोचलं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणारं युनिट जळालं. मेलेल्यांत पुन्हा बहुतेक स्त्रियाच. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये प्रोबेस आणि मे २०२४ मध्ये अमुदान कंपनीत स्फोट झाले. प्रत्येक वेळी आपण गावाचं नाव बदलून तीच बातमी वाचतो.

मुदत संपलेले आणि मुदतच नसलेले

अमेरिकेचं उदाहरण मी आदर्श म्हणून देत नाही. ते इशारा म्हणून बघण्यासारखं आहे. ७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेनं आपल्या साठ्यातलं शेवटचं घोषित रासायनिक शस्त्र नष्ट केलं. मोठी गोष्ट होती ती. (भारतानं आपला हजार टनांहून अधिक मस्टर्डचा साठा २००९ मध्येच नष्ट केला होता, अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर तिसरा देश म्हणून. ही कामगिरी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.) आणि तीनच आठवड्यांनी, २८ जुलैला, घातक रसायनं असलेल्या खासगी कारखान्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमाची मुदत संपली. प्रतिनिधिगृहानं मुदतवाढ ४०९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली होती. सिनेटमध्ये एका सदस्याच्या हरकतीनं ती अडली. त्या दिवसापासून निरीक्षकांना कारखान्याचं फाटक उघडायला लावण्याचा अधिकार उरला नाही, आणि तिथं कामाला लागणाऱ्यांची नावं दहशतवाद्यांच्या यादीशी ताडून पाहणं थांबलं. सरकारचा स्वतःचा साठा संपवल्याचा आनंद आणि खासगी साठ्यांवरची नजर काढून घेणं, एकाच महिन्यात.

त्या कार्यक्रमाची उणीवही आधीच उघडी पडली होती. १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या गावात खताच्या गोदामात अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि १५ जण मेले. बहुतेक जण आग विझवायला धावलेले. या गोदामानं आपल्या साठ्याची माहिती त्या कार्यक्रमाला कळवलेलीच नव्हती. ज्यानं स्वतःहून सांगायचं त्यानं सांगितलं नाही, आणि तपासायला कुणी गेलं नाही. तिथंही ती आग होती, हल्ला नव्हता. संरक्षणाच्या वहीत नोंद असती, तर अग्निशमनाला गेलेल्यांना आपण कशाकडे धावतोय हे कळलं असतं.

आपल्याकडे उलटी तऱ्हा आहे. आपले कायदे मुदत संपून मरत नाहीत, कारण त्यांना मुदतच नसते. त्यामुळे ते जिवंत आहेत की नाहीत, हे संसदेत कुणाला विचारावंही लागत नाही. अमेरिकेत निदान मतदान होऊन कोण आडवा आला ते कळलं. १९९६ च्या नियमांखालचा स्थानिक गट आपल्या तालुक्यात शेवटचा कधी भेटला, हे पौडच्या बाजारात चार लोकांना विचारून बघा.

विस्तार मात्र होतोय. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं २००४ मध्ये १५४० क्रमांकाचा ठराव करून महासंहारक शस्त्रं बिगरसरकारी गटांच्या हाती पडू नयेत ही जबाबदारी प्रत्येक देशावर टाकली. त्या ठरावाच्या समितीला नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्याच वर्षी आपल्या संसदेनं २००५ च्या कायद्यात दुरुस्ती करून अशा शस्त्रांना पैसा पुरवण्यावर बंदी घातली आणि मालमत्ता गोठवण्याचे अधिकार सरकारला दिले. त्याआधी २०१७-१८ मध्ये वासेनार व्यवस्था आणि ऑस्ट्रेलिया गट या निर्यात नियंत्रणाच्या मंडळांत भारत गेला. प्रत्येक पाऊल योग्य. पण प्रत्येक पाऊल बँक, बंदर, परवाना, परराष्ट्र खातं यांच्याकडे जाणारं. हेगला घोषणापत्रं वेळेवर जातात. एखाद्या कारखान्यानं वर्षाला ३० टनांहून जास्त ट्रायइथेनॉलअमाइन बनवलं, जे क्रीम-शाम्पूत घालतात, तर ते हेगला कळवावं लागतं. कारण तिथं विचारणारं कुणीतरी आहे. उरवड्याच्या वतीनं विचारणारं कुणी नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप लघुउद्योजकांचा: पुन्हा इन्स्पेक्टर राज आणणार का? आधीच प्रदूषण मंडळ, कारखाना निरीक्षक, अग्निशमनचा दाखला, त्यात आणखी एक साहेब आणि आणखी एक पाकीट. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो खरा आहे. म्हणून मी नवा साहेब मागत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, डेटा आधीच गोळा झालेला आहे, फक्त दोन तक्ते जोडलेले नाहीत.

जीएसटीत ५० हजार रुपयांवरचा माल हलवायचा तर ई-वे बिल काढावं लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर. त्या बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक असतो, मात्रा असते, पोचायच्या जागेचा पिनकोड असतो. क्लोराइट आणि हायपोक्लोराइट ही रसायनं एका ठरावीक क्रमांकाखाली येतात. म्हणजे कोणत्या पिनकोडला महिन्याला किती ऑक्सिडायझर उतरतो, हे सरकारला आज, या क्षणी, काढता येण्यासारखं आहे. कर चुकवला तर पकडण्यासाठी ते बघितलंही जातं. करासाठी मोजलेलं रसायन आगीसाठी का मोजता येऊ नये? एचएसएनचे गट ढोबळ आहेत, मान्य. लहान खेपा सुटतील, तेही मान्य. पण ज्या शेडचा कारखाना म्हणून दाखलाच नाही आणि जिथं दर महिन्याला काही टन ऑक्सिडायझर उतरतो, ती शेड शोधायला एवढं पुरे आहे. हे काम चार इंजिनियर काही महिन्यांत करू शकतात. आड येतं ते जीएसटी कायद्याचं १५८ वं कलम, करदात्याची माहिती गोपनीय ठेवणारं. त्यात काही अपवाद आहेतच, आणखी एक घालायला हवा: माणसं जळू नयेत म्हणून.

दुसरा आक्षेप संरक्षणवाल्यांचा: कुठे काय साठवलंय याची यादी केली की तीच दहशतवाद्याच्या हाती लागेल. यात तथ्य आहे. म्हणून संपूर्ण यादी इंटरनेटवर टाका असं मी म्हणत नाही. पण यादी नसणं म्हणजे गुप्तता नव्हे. ज्याला चोरी करायची आहे तो शेडच्या मागच्या चहाच्या टपरीवर बसून दोन दिवसांत सगळं शोधतो. अंधारात राहतात ते आग विझवणारे. यादी अग्निशमन दलाच्या गाडीत असावी, तहसीलदाराकडे असावी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे असावी. आणि फाटकावर मराठीत पाटी असावी: आत कोणत्या प्रकारचा पदार्थ आहे, आग लागली तर पाणी मारायचं की नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यांत जड वाटतो. 'संरक्षण' हा शब्द आपल्या देशात आला की त्याच्या मागून पोलीस येतात. महासंहारक शस्त्रांचा कायदा गावपातळीवर नेला तर उद्या भंगार गोळा करणाऱ्या पोराला, परप्रांतीय कामगाराला, एखाद्या रसायनाच्या विद्यार्थ्याला संशयावरून उचलतील. ही भीती काल्पनिक नाही. म्हणूनच विस्तार कशाचा, हे स्पष्ट करावं लागेल. मला अटक करण्याच्या अधिकारांचा विस्तार नको आहे. मोजण्याच्या, सांगण्याच्या आणि मदतीला धावण्याच्या कर्तव्याचा हवा आहे. अधिकार नागरिकावर चालतो, कर्तव्य सरकारवर. आजवर महासंहारक शस्त्रांच्या नावानं पहिल्याचाच विस्तार सोपा गेला, कारण तो फुकट असतो.

मागणी काय आहे

एक: ज्या रसायनांची चोरी किंवा गळती महासंहारक ठरू शकते, त्यांच्यासाठी उंबरठ्याचा आकडा टनांवरून किलोंवर आणावा आणि तालुक्यानिहाय नोंदवही ठेवावी. जीएसटी, प्रदूषण मंडळ आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालय यांचे तक्ते तिच्यात जोडावेत.

दोन: सुदुंबऱ्याच्या जवानांनी आणि दापोडीच्या शिक्षकांनी वर्षातून दोनदा पौडला यावं. तिथल्या अग्निशमन दलाला, पोलिसांना, आशाताईंना आणि गावातल्या दहा-दहा पोरांना शिकवावं. वायू ओळखणारी यंत्रं आणि श्वसनाचे मुखवटे तालुक्याच्या ठिकाणी असावेत. क्षेपणास्त्राच्या खर्चाशी तुलना मी करत नाही. एका पुलाच्या उद्घाटनाच्या मांडवात हे बसेल.

तीन: १९९६ च्या नियमांखालची माहिती मागण्याचा हक्क ग्रामसभेनं वापरावा. ठराव करावा, जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा, उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा. शेडमध्ये कामाला जाणाऱ्या बायांनी या सभेत बसावं, आणि सभेची वेळ त्यांची पाळी सुटल्यानंतरची असावी.

चार: या सगळ्याला पाच वर्षांची मुदत घालावी. मुदत संपताना विधानसभेत अहवाल ठेवावा लागेल: किती जागा तपासल्या, किती निघाल्या, काय बदललं. मतदान होईल, आणि कोण आडवा आला ते नावानिशी कळेल.

भोपाळनंतर दोन वर्षांच्या आत अमेरिकेनं आपल्या नागरिकांना शेजारच्या कारखान्यात काय आहे हे जाणून घ्यायचा हक्क कायद्यानं दिला. माणसं आपली मेली होती. आपल्याला तशा हक्काचा एक तुकडा १९९६ मध्ये मिळाला, आणि तो आपण अजून वापरलेला नाही. पुढच्या ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. तिथं विषयपत्रिकेत एक ओळ वाढवायला हवी: आपल्या हद्दीतल्या शेडमध्ये काय आहे?